फुटका कान आणि चार थेंब

सुरुवातीलाच दोन कबुल्या. माझी शाळा कॉन्व्हेंट होती, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाच्या खात्यावर टाकाव्यात. दुसरी, मी डॉक्टर नाही, एक्स्टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पण गेल्या वर्षी माझा डावा कान फुटला, तो बरा होईपर्यंत सहा-सात आठवडे गेले, आणि त्या काळात मी नेटवर्क थिअरीपेक्षा कानाचा अभ्यास जास्त केला. केटी लागली नाही हे नशीब.

आम्ही गिरगावात वाडीत राहतो. गणपतीत सर्दी होणं ही आमच्याकडे परंपराच आहे. पाऊस, जागरणं, आरत्यांनी बसलेला घसा. गौरी गेल्या त्या रात्री माझा कान ठणकायला लागला. आईने ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक दिला. आजी लसूण घालून कढवलेलं तेल घेऊन आली होती, ते मी कसंबसं टाळलं. पहाटे तीनच्या सुमाराला कानात ‘पुट’ असा बारीक आवाज झाला आणि ठणका चक्क थांबला! सकाळी उशीला गुलाबीसर पाण्याचा डाग. आई म्हणाली, “निचरा झाला गं, सुटलीस.”

तिचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. नाक आणि मधला कान यांना जोडणारी एक नळी असते, यूस्टेशियन ट्यूब. जांभई दिल्यावर कानात जो ‘टक’ होतो तो तिचाच. सर्दीत ती सुजून बंद होते, मधल्या कानात पू साठतो, दाब वाढत जातो आणि शेवटी पडदा देतो. दाब गेला की दुखणं गेलं. असं लहानसं भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतं. अट एकच, कान कोरडा राहिला पाहिजे.

ही अट मला माहीत नव्हती. दुखत नव्हतं म्हणजे मी बरी होते. अनंत चतुर्दशीला आमच्या मंडळाच्या गणपतीबरोबर चौपाटीवर गेले, गुडघाभर पाण्यात उभी राहिले, आणि एका लाटेने मला अशी काही आडवी केली की नाकातोंडात आणि अर्थात कानात समुद्र गेला. गिरगाव चौपाटीचं विसर्जनाच्या दिवशीचं पाणी कसं असतं ते मी सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी कान वाहायला लागला. हिरवट-पिवळा पू, आणि वास असा की बसमध्ये शेजारी कोणी डावीकडे बसू नये म्हणून मी खिडकी पकडायचे. त्यातच व्हायवा होती. एक्स्टर्नल सर माझ्या डाव्या बाजूला. त्यांनी विचारलं ‘इम्पीडन्स मॅचिंग’, मला ऐकू आलं ‘एव्हिडन्स मॅचिंग’. मी म्हटलं, “सर, तो क्राइम ब्रँचचा विषय आहे ना?” हशा झाला. मार्क झाले नाहीत.

गंमत अशी की मधला कान म्हणजे इम्पीडन्स मॅचिंगचं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे, आणि माझं तेच बिघडलं होतं. आवाज हवेतून येतो, पण ऐकण्याच्या पेशी आतल्या कानात द्रवात बसलेल्या असतात. हवेतून थेट पाण्यावर आदळलेल्या आवाजाची ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते, म्हणजे ३० डेसिबलचं नुकसान. ते भरून काढायला पडदा आणि तीन हाडं आहेत. मराठी पुस्तकात त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब म्हणतात. (रिकीब म्हणजे घोडेस्वाराने पाय अडकवायची कडी, हे मला या निमित्ताने कळलं.) पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, रिकिबीच्या तळाचं ३.२. म्हणजे १७ पट दाब. हाडांच्या तरफेचा १.३ चा गुणाकार केला की २२ पट, डेसिबलमध्ये जवळपास २७. ट्रान्सफॉर्मरच म्हणा ना. आणि हे सगळं झेरॉक्सच्या कागदाएवढ्या जाड, सेंटिमीटरभर रुंद पडद्याच्या जोरावर! त्याला भोक पडलं, वर पू साचला, की मॅचिंग गेलं. व्हायवात हे सांगता आलं असतं तर.

पडद्याचं दुसरं काम दरवाज्याचं. बाहेरचं पाणी आणि पाण्यातले जंतू तो आत जाऊ देत नाही. फुटलेल्या कानात पाणी गेलं की सगळ्यात आनंद होतो तो स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूला. तो ओलाव्यात वाढतो, हिरवट रंग सोडतो आणि वासावरून ओळखू येतो. त्याच्या जोडीला असतो स्टॅफिलोकॉकस. सर्दीतून कान फोडणारे जंतू वेगळे आणि नंतर पाण्यातून येऊन बिऱ्हाड करणारे हे वेगळे. म्हणूनच सर्दीच्या वेळची उरलेली गोळी घेऊन भागत नाही.

आता माझी चूक. मी एका केमिस्टकडे गेले आणि म्हटलं, “काका, कान वाहतोय, काहीतरी द्या.” काकांनी न बघता एक बाटली दिली. घरी येऊन दोन थेंब टाकले आणि आग झाली. त्याहून वाईट म्हणजे खोली गरागरा फिरायला लागली. मी पलंगाची कड धरून ओरडत होते. नंतर बाटलीवरचं वाचलं तर ते कानातला मळ विरघळवायचं औषध निघालं! पडदा फुटला असेल तर ते घालू नये असं तिथेच बारीक अक्षरात छापलं होतं. काकांनी विचारलं नाही, मी वाचलं नाही.

गरगरण्याचं एक कारण मला पुढे कळलं. बाटली काउंटरमागच्या फ्रिजमधली, गार होती. कानाला लागूनच तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. कानात गार काही गेलं की नळीतल्या एका बाजूच्या द्रवाचं तापमान बदलतं, घनता बदलते, प्रवाह सुरू होतो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. साधं कन्व्हेक्शन. हे व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी शोधून काढलं आणि त्यासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. पारितोषिक मिळाल्याचं कळलं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. तेव्हा कोणतेही थेंब घालण्याआधी बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरून ऊबदार करायची, त्यामागे एक नोबेल आहे.

पण आई घाबरली ती वेगळ्याच कारणाने. तिला आजोबा आठवले.

आजोबा, म्हणजे आईचे वडील, लालबागला राहतात. परळच्या एका मिलमध्ये साचाखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. ज्यांनी माग चालताना ऐकलेत तेच सांगू शकतील तो आवाज काय असतो. तिथे माणसं खुणांनी आणि ओठ वाचून बोलायची. आजोबा अजून तसेच बोलतात, समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून. त्यांना हाक मारायची तर खांद्यावर हात ठेवावा लागतो. मजा अशी की त्यांच्या कानाचे पडदे धडधाकट आहेत! बिघाड आतल्या कानातला. तिथे प्रत्येक कानात पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात, वर बारीक केसांचे झुबके असलेल्या. आवाजाच्या हादऱ्याचं विजेच्या संदेशात रूपांतर त्या करतात. एकदा मेल्या की माणसात त्या परत येत नाहीत. (कोंबडीत येतात. इथे कोंबडी आपल्या पुढे आहे.) त्यामुळे आजोबांच्या कानाला मशीन आहे, औषध नाही.

पडदा मात्र भरून येतो, नाही भरला तर ऑपरेशन करून कानामागच्या-वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण लावून बुजवता येतो. म्हणजे माझी चिंता भोकाची नव्हतीच मुळी. चिंता ही की भोकातून आत गेलेलं काहीतरी त्या न परतणाऱ्या पेशींपर्यंत पोचलं का.

आणि ते पोचू शकतं. मधला आणि आतला कान यांच्यामध्ये एक ‘गोल खिडकी’ असते, तिच्यावरचं आवरण पडद्याहूनही पातळ. मधल्या कानात जे औषध साचतं त्यातलं थोडं त्यातून झिरपतं. स्ट्रेप्टोमायसिन हे १९४३ साली सापडलेलं टीबीवरचं पहिलं प्रभावी अँटिबायोटिक. त्याने जीव वाचले, पण काही रोग्यांचं ऐकणं आणि तोल गेला. जेंटामायसिन, निओमायसिन त्याच कुटुंबातली, आणि दोन्हींचे कानाचे थेंब मिळतात. पडदा शाबूत असेल तर ते बाहेरच्या बाहेर काम करतात. पडदा फुटका असेल तर तेच औषध केसपेशींच्या दारात. हा नुसता तर्क नाही. मेनिएर नावाच्या आजारात चक्कर काही केल्या थांबत नसेल तर डॉक्टर मुद्दाम मधल्या कानात जेंटामायसिन सोडतात, तोल सांभाळणाऱ्या पेशी निकामी करण्यासाठी! थोडे दिवस थेंब घातले तर प्रत्येकाचा कान जातो असं नाही, पण दुसरं सुरक्षित औषध असताना हा जुगार खेळायचा कशाला?

ते दुसरं औषध म्हणजे सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिनचे थेंब. ते स्यूडोमोनासला मारतात आणि केसपेशींना इजा केल्याचं आढळलेलं नाही. अमेरिकेत फुटक्या पडद्याच्या कानात घालायला ऑफ्लॉक्सॅसिनच्या थेंबांना १९९७ साली मान्यता मिळाली. आपल्याकडेही हे थेंब कुठेही मिळतात आणि स्वस्त आहेत. अडचण औषध मिळण्याची नाहीच, योग्य बाटली कानापर्यंत येण्याची आहे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला परळला केईएमच्या ईएनटी ओपीडीत नेलं. १९२६ सालचं हॉस्पिटल, आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांचे जन्म आणि बऱ्याच जणांची पोटं तिथलीच. केसपेपर, रांग, बाकड्यावर कान धरून बसलेली माणसं. माझ्या पुढे एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन होत्या, त्याचा कान “जन्मापासूनच वाहतो” असं त्या अगदी सहज सांगत होत्या, जणू कुरळे केस आहेत. आपल्याकडे वाहता कान हा आजार न समजता स्वभाव समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ च्या अहवालात जगात साडेसहा ते तेहेतीस कोटी लोकांचे कान वाहतात असा अंदाज दिला होता, आणि भारत त्यात अगदी वरच्या गटात होता. सरकारचा बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला तो याच कारणाने.

तपासणाऱ्या डॉक्टर मॅडम माझ्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी ट्यूनिंग फोर्क काढला, आपल्या फिजिक्स लॅबमधला तोच, ५१२ हर्ट्झचा. कोपरावर आपटून कपाळाच्या मध्यावर टेकवला. “आवाज कुठल्या बाजूला येतो?” मला तो डाव्या कानात, वाहणाऱ्या कानात, जास्त मोठा येत होता! मला वाटलं मी चुकतेय. व्हायवाची आठवण ताजी होती, म्हणून घाबरत सांगितलं, “डावीकडे.” त्या म्हणाल्या, “छान. मग नस चांगली आहे तुझी.”

याला वेबर टेस्ट म्हणतात. बिघाड पडद्यात किंवा मधल्या कानात असेल तर कपाळाच्या हाडातून आलेला आवाज त्याच कानात मोठा वाटतो. आतला कान गेला असेल तर तो चांगल्या बाजूला जातो. आईला हे काही समजलं नाही, पण “नस चांगली” एवढं ऐकून ती खाली बसली.

मग मायक्रोस्कोपखाली सक्शनने कान साफ केला. कानात व्हॅक्यूम क्लीनर शिरल्यासारखा आवाज येतो, पण दुखत नाही. ही पायरी थेंबांइतकीच महत्त्वाची आहे. पू भरलेल्या कानात थेंब टाकले तर ते पुवर तरंगतात, खाली जंतूंपर्यंत पोचत नाहीत. रोज रोज हॉस्पिटलात कोण येणार, म्हणून मॅडमनी विचारलं, “घरी कोणाला वात वळता येते का?” आई आणि मी एकमेकींकडे बघायला लागलो. आजीच्या हातात एवीतेवी चोवीस तास वातीच असतात! केमिस्टकडचा स्वच्छ कापूस घ्यायचा (देवघरातला नाही, हे मॅडमनी आजीसाठी खास सांगून पाठवलं), हात धुऊन लांब वात वळायची, कानात अलगद ठेवायची, ओली झाली की काढून दुसरी, कोरडी निघेपर्यंत. मगच थेंब. काडीवाले इअरबड नकोत, आणि चौपाटीवरचे लाल फेट्याचे कान साफ करणारे तर नकोच नको.

औषध, चार थेंब, दिवसातून दोनदा, सात दिवस. मला वाटलं एवढ्याने काय होणार, एखादी गोळी तरी द्यायची. म्हणून रात्री हिशेब केला. थेंब ०.३ टक्क्याचे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ३ मिलिग्रॅम औषध. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब. म्हणजे माझे दिवसाचे आठ थेंब मिळून औषध झालं १.२ मिलिग्रॅम. सिप्रोच्या ५०० च्या दोन गोळ्या घेतल्या असत्या तर १००० मिलिग्रॅम. आठशे पट जास्त! पण गोळी अख्ख्या शरीरात वाटली जाते. रक्तात तिची पातळी जेमतेम दोन-तीन मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत चढते. थेंबांची पातळी जागेवर ३००० मायक्रोग्रॅम. म्हणजे आठशे पट कमी औषध पोटात घालून हजार पट जास्त औषध जंतूंच्या अंगावर. लॅब एखाद्या जंतूला ‘रेझिस्टंट’ म्हणते ते रक्तातल्या पातळीच्या हिशेबाने, त्यामुळे असे काही जंतूसुद्धा थेंबांपुढे टिकत नाहीत. शिवाय पोटातल्या बिचाऱ्या चांगल्या जंतूंना त्रास नाही.

हा हिशेब कागदावरच राहत नाही. २०१४ साली नेदरलँड्समध्ये २३० मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. या मुलांच्या पडद्यात उपचार म्हणून बारीक नळ्या बसवलेल्या होत्या, म्हणजे भोक होतंच, आणि त्यातून कान वाहत होता. दोन आठवड्यांनी अँटिबायोटिक-स्टेरॉइडचे थेंब घेतलेल्यांपैकी फक्त ५ टक्के मुलांचा कान अजून वाहत होता. तोंडाने अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये ४४ टक्के, काहीच न घेतलेल्यांमध्ये ५५ टक्के. तोंडाने घेतलेलं औषध ‘नुसतं बघत बसण्या’पेक्षा फारसं सरस ठरलं नाही! ताप असेल किंवा संसर्ग कानाबाहेर पसरला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा गोळ्या-इंजेक्शन लागतातच.

थेंब घालायचीही रीत आहे. वाहता कान वर करून कुशीवर झोपायचं. बाटलीचं टोक कानाला लावायचं नाही. थेंब पडल्यावर कानाच्या भोकासमोर जो मऊ हाडाचा उंचवटा असतो तो चार-पाच वेळा दाबायचा, पंपासारखा, म्हणजे औषध भोकातून आत ढकललं जातं. मग पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. तिसऱ्या दिवशी दाबता दाबता माझ्या घशात कडू चव आली. मी घाबरून पुढच्या भेटीत मॅडमना सांगितलं तर त्या खूश! औषध भोकातून मधल्या कानात, तिथून यूस्टेशियन ट्यूबमधून घशात उतरलं, म्हणजे सगळी पाइपलाइन चालू आहे.

अंघोळीला कानात व्हॅसलीन लावलेला कापूस. डोक्यावरून पाणी नाही. नाक जोरात शिंकरायचं नाही. शिवाजी पार्कच्या तलावाचं नाव काढायचं नाही. पाचव्या दिवशी कान कोरडा झाला, तरी सातही दिवस थेंब घातले. पण आठव्या दिवशी थांबलेसुद्धा, कारण मनाने महिनाभर थेंब घालत राहिलं तर जिवाणू मरतात आणि त्यांच्या जागी बुरशी येते. मग कान भयंकर खाजतो, आत ओल्या वर्तमानपत्रासारखं काळं-पांढरं दिसतं. मुंबईच्या पावसात हे सर्रास होतं, आणि अँटिबायोटिकने ते आणखी वाढतं.

सगळेच कान थेंबांनी बरे होत नाहीत हेही सांगायला हवं. पडद्याच्या कडेला भोक असेल, महिनोन्‌महिने घाण वास येत असेल, तर आत हाड खाणारी त्वचेची गाठ असू शकते, तिला ऑपरेशनच लागतं. कानामागे सूज, तोंड वाकडं होणं, जोराचं डोकं दुखणं, ताप, न थांबणारी चक्कर, यातलं काही झालं तर ओपीडीची वेळ बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी. शाळेत आम्हाला ऑस्कर वाइल्डची गोष्ट होती. तो १९०० साली पॅरिसमध्ये मेंदूच्या आवरणाला सूज येऊन गेला आणि ती जुन्या दुखऱ्या कानातून पसरली असं बहुतेक मानलं जातं. त्याचे वडील सर विल्यम वाइल्ड डब्लिनचे नामांकित कानाचे सर्जन होते, कानाच्या शस्त्रक्रियेवर त्यांचं १८५३ चं पुस्तक आहे. पण तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं.

सहा आठवड्यांनी परत केईएम. मायक्रोस्कोप. “बंद झालंय गं, पातळ आहे अजून, जप.” ऑडिओग्रामवर डावी-उजवी रेघ जवळपास एकमेकींवर आली होती. येताना लालबागला उतरलो. आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो कागद दाखवला. त्यांचाही असा एक कागद आहे, त्यावरची रेघ उजवीकडे गिरणीच्या जिन्यासारखी खाली उतरत जाते. त्यांनी माझ्या रेघेवरून बोट फिरवलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मोठ्याने विचारलं, “सरळ हाय न्हवं?” मी मान हलवली. मग त्यांनी चहा टाकायला सांगितला.